सोलांजची शनिवारची खोली

गेल्या आठवड्यात पुस्तकं परत करायला लायब्ररीत गेले, तर आतल्या नोटीसबोर्डावर सोलांज. चांगला दोन हात उंचीचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत तिच्या नावावर छापलेलं वाक्य: 'मी क्षमा केली, आणि मी मोकळी झाले.' त्याखाली यंदाच्या वंशसंहार स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाची वेळ, आणि चहा-केकची सोय आहे असा उल्लेख.

मी तिथेच थांबले. मागे प्रॅम घेऊन आलेली बाई दोनदा 'सॉरी' म्हणाली तेव्हा कुठे बाजूला झाले.

हे वाक्य सोलांजचं नाही. मी तिला दीड वर्ष जवळून पाहिलं आहे. क्षमा हा शब्द कुणी तिच्यासमोर काढला की ती हातातलं काम थांबवायची आणि शांतपणे विचारायची, "कुणी, कुणाला, कशाबद्दल? तिन्ही सांगा, मग पुढे बोलू." बहुतेकांना तिन्ही सांगता यायचं नाही आणि विषय तिथेच संपायचा. फोटोत तिचा चेहरा असा ओढलेला का आहे, हेही मला माहीत आहे. फोटोग्राफर तिला म्हणाला होता, "जरा होपफुल बघ." मी शेजारीच उभी होते.

पोस्टर काढून टाकायचा मला अधिकार नाही. मी काम करते ते सेंटर चालवणाऱ्या ट्रस्टनेच ते छापलेलं. त्यांना ईमेल केला, त्याला 'तुमच्या फीडबॅकबद्दल आभार' असं उत्तर आलं. मग घरी येऊन हे लिहायला बसले. ती मुलगी कशी होती हे निदान एका ठिकाणी तरी खरं लिहिलेलं असावं.

नॉटिंगहॅममधल्या आमच्या कम्युनिटी सेंटरमध्ये मी आठवड्यातून पाच दिवस बुकिंगचं काम बघते, मंगळवार ते शनिवार. कुठली खोली कुणाला, किल्ली कुणाकडे, खुर्च्या परत रचल्या की नाही, एवढंच माझं काम. बाळांना गाणी शिकवणारा वर्ग असतो, पेन्शनर लोकांचा योगा असतो, रविवारी आमच्या मराठी मंडळाची शाळा भरते. सोलांज पहिल्यांदा आली ती इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिस म्हणून. इथे अशा जागांमधली प्लग असलेली प्रत्येक वस्तू अधूनमधून तपासून घेतात. पास झाली की हिरवं स्टिकर लागतं. तेवीस वर्षांची, उंच, वेण्या करकचून मागे बांधलेल्या, गुडघ्यांवर खिसे असलेली काळी पँट. कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी तिने माझं नाव विचारलं. नुसतं पहिलं नाही, पूर्ण. मी वृंदा काळसेकर म्हटल्यावर तिने स्पेलिंग विचारलं आणि बॉलपेनने मनगटावर लिहून घेतलं.

"कागद देऊ का?" मी म्हटलं.

"कागद हरवतो. हात घरी येतो माझ्याबरोबर."

ही सवय तिला इथून जाईपर्यंत होती. संध्याकाळी तिच्या हातावर चार-पाच नावं असायची.

त्या दिवशी मंडळाचे जोगळेकर किल्ली न्यायला आले होते. सोलांज नेमकी मंडळाच्या चहाच्या मोठ्या स्टीलच्या बॉयलरपाशी बसली होती. हा बॉयलर म्हणजे जोगळेकरांचा जीव की प्राण. गणपतीपासून कोजागिरीपर्यंत सगळ्यांचा चहा त्याच्यात. सोलांजने वायर बोटांत फिरवून बघितली, प्लगजवळ इन्शुलेशन सोललेलं होतं, आणि तिने त्यावर लाल, म्हणजे नापासाचं, स्टिकर चिकटवलं.

"अहो, पंधरा वर्षं वापरतोय आम्ही हा," जोगळेकर इंग्रजीत म्हणाले. "एकदाही काही झालेलं नाही."

"झालं नाही हे तुमचं नशीब. वायरचा त्यात काही हात नाही." तिने पक्कड घेतली, प्लग कापला आणि तो जोगळेकरांच्या तळहातावर ठेवला. जोगळेकरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी आपल्या लंच ब्रेकमध्ये आली, उभ्याउभ्या सँडविच खात बॉयलरला नवी वायर बसवून गेली. जोगळेकरांना त्याचं काय वाटलं ते मला कळलं नाही. आभार मात्र त्यांनी मानले नाहीत, हे लक्षात आहे.

त्याच दिवशी निघताना तिने मागची खोली बघितली.

"शनिवारी सकाळी इथे कोण असतं?"

"कुणी नाही. हीटर चालत नाही तिथला."

"हीटर मी चालू करते. खोली मला द्या."

"कशासाठी लिहू?"

तिने थोडा विचार केला. "लिहा, बोलण्यासाठी. आमच्या घरांमध्ये ज्याबद्दल बोलत नाहीत, त्याबद्दल."

सोलांजचा जन्म इथलाच, नॉटिंगहॅमचा. तिची आई बियाट्रिस रवांडातून निर्वासित म्हणून आलेली. नव्वदच्या दशकात तिथे शंभर दिवसांत तुत्सी लोकांचा जो वंशसंहार झाला, त्यातून बियाट्रिस वाचली. तेव्हा ती सोळा वर्षांची होती. तिच्या दोन बहिणी, आईवडील, मामा, कुणी राहिलं नाही. मारणारे परके सैनिक नव्हते, हे सोलांज आवर्जून सांगायची. रोज ज्यांच्याकडून दूध घ्यायचे, ज्यांच्या मुलीबरोबर शाळेत जायचे, तेच कोयते घेऊन आले. आज बियाट्रिस इथल्या हॉस्पिटलमध्ये लाँड्रीत काम करते. घरात तिने या सगळ्याबद्दल चार वाक्यांपेक्षा जास्त कधी सांगितलं नव्हतं. ती चार वाक्यं सोलांजला पाठ होती.

शनिवारच्या खोलीची गोष्ट सुरू झाली ती मात्र एरिकपासून. एरिक तिच्याबरोबर कॉलेजात इलेक्ट्रिशियनचा कोर्स करत होता. दोघं एका बेंचवर बसून स्विचबोर्ड जोडायचे. दोघांचे आईबाप रवांडाचे, एवढं एकमेकांना ठाऊक होतं, आणि त्यापुढे कुणी काही विचारत नव्हतं. या लोकांत विचारायचं नाही, हीच रीत. लग्नकार्यात कुणी कुठल्या टेबलावर बसायचं हे न बोलता ठरतं, आणि मुलांना कारण कधीच सांगत नाहीत. वर्षभराने एक दिवस एरिकने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि तिला सांगितलं, "माझे आजोबा तिकडे तुरुंगात वारले. त्यांनी शेजाऱ्यांना मारलं होतं. त्यांनी स्वतः कबूल केलं होतं. आई म्हणते ते आजारी होते. मला सोळाव्या वर्षी इंटरनेटवर कळलं."

सोलांज त्या दिवशी बेंचवरून उठून निघून गेली. आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. मग परत आली.

"का परत गेलीस?" मी तिला एकदा विचारलं होतं.

"कारण मी विचारायच्या आधी त्याने सांगितलं," ती म्हणाली. "आंटी, माझ्या आयुष्यात मला कुणी, मी विचारायच्या आधी, काही सांगितलेलं नाही."

आंटी हा शब्द तिने रविवारच्या मराठी मुलांकडून उचलला होता.

सुरुवातीला पाच जण होते, मग नऊ झाले. सगळे अठरा ते पंचवीसमधले. कुणी लेस्टरहून बसने यायचं, कुणी डर्बीहून. वाचलेल्यांची मुलं होती आणि मारणाऱ्यांची नातवंडंही होती, आणि दोघी अशा होत्या की ज्यांना आपण कोण हे घरच्यांनी सांगितलंच नव्हतं. सोलांजने त्यांना 'डायलॉग' वगैरे नाव दिलं नाही. भिंतीवर तक्ते लावले नाहीत. नियम दोनच. कुणी कुणाकडून आजोबाच्या किंवा बापाच्या वतीने माफी मागवून घ्यायची नाही. आणि दर शनिवारी एकच प्रश्न: या आठवड्यात घरातले काय बोलताबोलता थांबले?

मी कधी आत बसले नाही. चहाचा ट्रे दारापर्यंत नेऊन ठेवायचे, तेवढ्यात जे कानावर पडायचं तेवढं. एकदा एक मुलगी सांगत होती, की टीव्हीवर कुणीतरी झाडं तोडत होतं आणि तिच्या वडिलांनी चॅनेल बदललं. एवढंच. बाकीच्या आठही जणांनी माना हलवल्या. सगळ्यांच्या घरी तेच होत असणार.

एरिक पहिले तीन आठवडे तोंड उघडत नव्हता. दाराजवळची जागा धरून बसायचा, जॅकेट काढायचा नाही. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही आणि सोलांजही कुणाला 'त्याच्याशी बोला' म्हणायची नाही. मला ते क्रूर वाटलं. मी तिला म्हटलंही, की अगं, जरा ओळख करून दे त्यांची.

"मी ओळख करून दिली तर ती माझी ओळख झाली," ती म्हणाली. "त्याला स्वतः करायची आहे."

चौथ्या शनिवारी त्याने आजोबांचं पूर्ण नाव उच्चारलं. एक मुलगी उठून बाहेर गेली. कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली, मी तिला पाणी दिलं. वीस मिनिटांनी ती आत परत गेली. त्या दिवशी ट्रे उचलायला गेले तर सोलांज एकटीच जमिनीवर बसून हीटरचा पंखा उघडून साफ करत होती. मी ट्रे उचलला आणि दार ओढून घेतलं.

आईला मात्र हे सहन झालं नाही. लेकीच्या खोलीत 'तसल्या घरचा' मुलगा बसतो, हे बियाट्रिसला तिच्या चर्चमधल्या कुणीतरी सांगितलं. पुढच्याच शनिवारी ती सेंटरला आली. बुटकी, नीटनेटकी बाई, कोट गळ्यापर्यंत बंद. मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथून वळून माझ्या डेस्कसमोरच्या बाकावर बसली. मी चहा दिला. तिने कप हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"तुम्हाला मुली आहेत?" तिने विचारलं.

"एक आहे. ब्रिस्टलला असते."

"ती तुमचं ऐकते?"

"नाही."

बियाट्रिसने मान हलवली. "माझी मुलगी हुशार आहे. सगळे तिला ब्रेव्ह म्हणतात. मीही ब्रेव्ह होते असं लोक म्हणतात. मी नव्हते. मी छपराच्या वर लपले होते आणि खाली माझी बहीण मला हाक मारत होती. मी ओ दिली नाही." तिने कप खाली ठेवला. "ती मुलं आत जे बोलतात ना, ते त्यांच्यासाठी गोष्टी आहेत. माझ्यासाठी नाहीत."

मागच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा ती उठून निघून गेली होती. मी हे सोलांजला सांगितलं नाही. ते सांगणं माझं काम नव्हतं. सांगायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

यानंतर ट्रस्टला सोलांज सापडली. ट्रस्टची पार्टनरशिप मॅनेजर फियोना एका शनिवारी काहीतरी कामाने आली, खोलीत डोकावली, आणि तिचे डोळे चमकले. त्या वर्षीच्या स्मृतिदिनाला 'यूथ व्हॉइस' हवा होता. सोलांज दिसायला चांगली, बोलायला स्पष्ट, वाचलेल्या आईची मुलगी. फियोनाने तिला 'यूथ पीस अँबॅसॅडर' केलं. म्हणजे काय, हे सोलांजने विचारलं, तर उत्तर मिळालं, की मेणबत्ती लावायची आणि तीन मिनिटं बोलायचं.

भाषण तिने लिहून दिलं. ते छापून ठेवायला फियोनाने मला ईमेल केलं, तेव्हा मी वाचलं. मधला एक परिच्छेद खोडलेला होता. त्यात असं होतं: 'त्या शंभर दिवसांत जगाला सगळं दिसत होतं. मोठ्या देशांनी वंशसंहार हा शब्द वापरायचं टाळलं, कारण वापरला असता तर काहीतरी करावं लागलं असतं. त्यांतलाच एक देश आज मला मेणबत्ती लावायला सांगतो आहे.' बाजूला फियोनाची टीप होती: 'फार सुंदर, पण जरा पुढे बघणारं करू या का? मुलंही असतील.'

मुलंही असतील. तिकडे चर्चमध्ये आसऱ्याला गेलेली याच वयाची मुलं मारली गेली, ती टीप वाचून मला तेच आठवत राहिलं. पण मी छापलं. परिच्छेद गाळून, व्यवस्थित, जाड कागदावर. मी फक्त बुकिंग बघते, असं स्वतःला सांगितलं.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत गळ्यात पदकं घातलेले पाहुणे, मागे शाळेची मुलं, शेवटच्या रांगेत शनिवारचे आठ जण. बियाट्रिस आली नव्हती. सोलांजने मेणबत्ती लावली, माइकसमोर आली, पहिला परिच्छेद वाचला. मग कागद खाली केला.

"इथे एक परिच्छेद होता," ती म्हणाली.

आणि गप्प उभी राहिली.

आधी लोकांना वाटलं, ती भावनावश झाली आहे. काहींनी माना तिरक्या केल्या, तसा सहानुभूतीचा चेहरा करतात ना, तसा केला. मग कुणीतरी खोकलं. फियोनाने बाजूच्या साउंडवाल्याला खूण केली. तो वाकून, पावलं न वाजवता स्टेजवर आला आणि माइकच्या वायरकडे हात नेला.

"माइक ठीक आहे," सोलांज त्याला म्हणाली. "सकाळी मीच तपासला."

सगळ्या हॉलला ऐकू गेलं. साउंडवाला तसाच वाकून परत गेला. तो परिच्छेद वाचायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ ती उभी राहिली. घाई केली नाही, ताणलंही नाही. मग म्हणाली, "तो संपला. आता पुढचा," आणि उरलेलं भाषण वाचून खाली उतरली.

टाळ्या वाजल्या. मला वाटलं होतं आता काहीतरी होईल, कुणीतरी विचारेल की त्या परिच्छेदात काय होतं. कुणी विचारलं नाही. प्रमुख पाहुणे तिच्याकडे आले, तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि फोटोग्राफर तयार आहे हे बघून विचारलं, "तू क्षमा केली आहेस का?"

"मला कुणी मारलेलं नाही," सोलांज म्हणाली. "ज्यांना मारलं त्यांना विचारायचं होतं. तेव्हा वेळ होता तुम्हाला."

पाहुणे हसले. हसले म्हणजे, ऐकूच आलं नसल्यासारखे. "व्हॉट अ स्ट्राँग यंग वुमन," असं फियोनाला म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले. तेव्हाच तो 'होपफुल बघ' वाला फोटो निघाला. त्या दिवशी ती काय बोलली हे ऐकणारी आम्ही सहा-सात माणसं तरी होतो. तरीही पोस्टरवर आज ते दुसरंच वाक्य आहे. तिच्या तोंडी घातलेलं. जिवंत माणसाच्या तोंडी.

कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी फॉर्म आला. खोली फुकट वापरणाऱ्या प्रत्येक गटाने 'आउटकम', म्हणजे काय साध्य झालं ते, भरून द्यायचं होतं. बाळांच्या गाण्यांनाही तोच फॉर्म, योगालाही तोच, पण सोलांजच्या फॉर्ममध्ये ट्रस्टने एक जादा ओळ घातली होती: 'समेट झालेल्या सहभागींची संख्या.' सोलांजने माझ्या डेस्कवर बसून तो भरला. त्या ओळीत तिने लिहिलं, "दोघींनी पहिल्यांदा एकमेकींचं आडनाव विचारलं. एक जण रडली, तरी पुढच्या शनिवारी आली. एरिकने आजोबांचं नाव घेतलं. हे कुठल्या चौकोनात बसतं ते कळवावं."

फॉर्म परत आला. 'कृपया आकडा भरावा.'

तिने शून्य भरलं.

"अगं, निदान दोन तरी लिही," मी म्हटलं. "त्यांना काय कळतंय."

"शून्य खरं आहे आंटी. तीस वर्षं झाली आणि माझी आई अजून झाडं तोडायच्या आवाजाने उठते. मी दीड वर्षात दोन लिहू?"

त्या शून्यावर बोट ठेवून ट्रस्टने 'जागेच्या वापराचा फेरविचार' सुरू केला. आणि इथे मला आमच्या माणसांबद्दल लिहिणं भाग आहे. त्याच सुमारास मंडळाने ढोल-लेझीमच्या सरावासाठी शनिवार सकाळ मागितली होती. जोगळेकर डेस्कपाशी येऊन आवाज खाली करून म्हणाले, "वृंदाताई, डोन्ट गेट मी राँग. पोरगी चांगली आहे. पण ते सगळं फार डिप्रेसिंग आहे हो. आपली लहान मुलं येतात-जातात. आणि ते त्यांच्यातलं भांडण आहे, आपण कशाला त्यात?"

त्यांच्यातलं भांडण. शेजाऱ्याने शेजाऱ्याला मारावं याला भांडण म्हणायची सोय आपल्याला आपल्या देशातही चांगली अवगत आहे, हे मी त्यांना म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. "बघते," म्हणाले.

फियोनाचा फोन आला. तुमच्या कम्युनिटीला तो स्लॉट हवा आहे, तुम्ही रोज तिथे असता, तुमचं मत काय. मी म्हणाले, माझी काही हरकत नाही. एवढं वाक्य. घरी येऊन मी कितीतरी वेळा त्याला वेगळे अर्थ देऊन बघितले. त्याचा अर्थ एकच होता.

खोली गेली. किल्ली परत द्यायला सोलांज आली, तेव्हा तिने विचारलं, "आंटी, त्यांनी तुम्हाला विचारलं होतं?"

"विचारलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काही बोलले नाही." खोटं बोलतानासुद्धा मी तेवढंच निवडलं.

तिने किल्ली डेस्कवर ठेवली. "हं. तेवढंच त्यांना हवं असतं," म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर तिला ब्रिस्टलच्या एका कारखान्यात नोकरी लागली. ती जायच्या आधीच्या शनिवारी मी तिला शेवटचं पाहिलं. मागच्या खोलीत त्या मुलांचे चहाचे मग राहिले होते, ते खोक्यात भरून मी एक तास सुट्टी घेतली आणि बियाट्रिसच्या घरी गेले. खरं तर माफी मागायला गेले होते. खोकं हे निमित्त.

विटांचं छोटं घर, पुढे गुडघाभर उंचीची भिंत. त्या भिंतीवर रस्त्याकडे पाठ करून एरिक बसला होता, कानटोपी घालून, हात काखेत. पुढच्या खोलीची खिडकी सताड उघडी होती आणि सोलांज खिडकीच्या कठड्यावर बसलेली, एक पाय आत, एक बाहेर. आत बाकीचे सात जण. आतला कुणी बोलला की ती ऐकायची, बाहेरचा बोलला की ती सरकून आतल्यांना ऐकू जाईल अशी वाट करून द्यायची. थंडी इतकी होती की बोलताना वाफ येत होती.

"इथला हा चौथा शनिवार आहे," तिने मला सांगितलं. "आईचं घर आहे. तो आत नको म्हणाली, तर नाही. पण तो गटात नको, हे ती ठरवणार नाही. म्हणून खिडकी."

मी खोकं घेऊन गेटपाशीच उभी राहिले. माफीची वाक्यं मनात जुळवत होते, तेवढ्यात पुढचं दार उघडलं. बियाट्रिस बाहेर आली. हातात स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल. ती एरिकसमोर जाऊन उभी राहिली. एरिक भिंतीवरून उतरून सरळ उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

"तुझ्या आजोबांचं गाव कुठलं?" तिने इंग्रजीत विचारलं.

त्याने सांगितलं.

बियाट्रिस बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत असावी. "ते आमचं गाव नाही," ती म्हणाली.

"मम्, असतं तर?" खिडकीतून सोलांजने विचारलं.

"असतं तर मी दार उघडलं नसतं," बियाट्रिस मागे न बघता म्हणाली. मग तिने स्टूल दाराच्या उंबऱ्यावर ठेवलं, पुढचे पाय बाहेर, मागचे आत. "आत नाही. इथे बस," म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून नळाचा आवाज येत राहिला.

एरिक येऊन बसला. स्टूल मोठंही नव्हतं, त्याचे गुडघे वर येत होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी कुणाला मिठी मारली नाही. सोलांजने खिडकी लावून घेतली. मिनिटभराने ती आतून दारात आली, त्याच्याशेजारी पॅसेजच्या फरशीवर मांडी घालून बसली आणि बाकीच्यांना तिथेच बोलावलं. ते सगळे त्या अरुंद पॅसेजमध्ये एकमेकांना खेटून, जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. दार अर्थातच लागत नव्हतं. सगळी थंडी आत जात होती.

"कुठे होतो आपण?" तिने विचारलं.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला वाटलं ती बोलावेल. मी एक पाऊल पुढेही टाकलं असेन.

"आंटी, ते खोकं भिंतीवर ठेवा," ती म्हणाली. "आणि गेट लावू नका. आज आणखी दोघं नवी यायची आहेत."

मी खोकं भिंतीवर ठेवलं, गेट तसंच उघडं राहू दिलं आणि बसस्टॉपकडे निघाले.